‘जाते’ म्हणायचं नसतं

“नर्स साळवे, सात नंबरच्या पेशंटला काल तू काय कबूल करून गेलीस?”

सिस्टर प्रिंगलनी हे विचारलं तेव्हा मी ॲप्रनची गाठ मारत होते. मेलबर्नच्या त्या हॉस्पिटलात मला जेमतेम पंधरवडा झाला होता. तेवढ्यात मी एक शिकले होते, की सिस्टर प्रिंगल आवाज चढवत नाहीत तेव्हाच खरं घाबरायचं. आणि त्या वेळी त्या अगदी हळू बोलत होत्या.

“काहीच नाही, सिस्टर.”

“काहीच नाही? तो म्हातारा काल दुपारपासून उशीला टेकून बसला होता. चहा नको, जेवण नको. का, तर म्हणे इंडियन नर्स येतेय, ती आली की घेईन. दिवे मालवायची वेळ झाली तरी डोळे दाराकडे. आम्ही इथे पेशंटला खोट्या थापा मारत नाही.”

काय झालं ते माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. आमच्या अहमदनगरच्या घरात कुणी ‘जाते’ म्हणालं, की आई होती तिथून ओरडायची. “जाते काय म्हणतीस गं भवाने, येते म्हणावं माणसानं!” मग पायातली चप्पल काढून घरात यायचं, नीट ‘येते’ म्हणायचं आणि पुन्हा निघायचं. बंदरावर बोटीत चढतानासुद्धा मी सगळ्यांना ‘येते’ म्हणूनच निघाले होते. आदल्या दुपारी ड्यूटी संपल्यावर त्याच सवयीनं मी सात नंबरच्या फ्लॅनरीबाबांना म्हणाले होते, “आय ॲम कमिंग, मिस्टर फ्लॅनरी.” व्याकरणात एक चूक नव्हती. इंग्रजीत माझा वर्गात पहिला नंबर असायचा.

ते साल छप्पन्न होतं. कोलंबो योजनेतून परिचारिकांच्या जादा शिक्षणासाठी आम्हांला तिकडे पाठवलं होतं. शहरात ऑलिंपिक भरायचं होतं, म्हणून सगळीकडे पताका आणि रंगरंगोटी चालली होती. टेलिव्हिजन नावाची नवी वस्तू दुकानांच्या काचेमागे ठेवलेली असायची आणि फुटपाथवर उभी राहून माणसं ती तासन्‌तास बघायची. रेडिओवर सुएझचा कालवा बंद झाल्याच्या बातम्या होत्या. त्या कालव्यावरून माझ्या घरचं टपाल येत नसूनही, टपालाला उशीर झाला की मी त्या कालव्यालाच शिव्या द्यायचे. कुणावर तरी राग काढायला हवा ना!

मी खाली मान घालून सात नंबरच्या खाटेकडे गेले.

फ्लॅनरीबाबा जन्मभर ट्रामचे ड्रायव्हर होते. हाडापेराचा मोठा माणूस, पण पोटाच्या दुखण्यानं पार वाळला होता. येत्या पंधरवड्यात त्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मला बघून ते म्हणाले, “मला वाटलं, तुझी ट्राम चुकली.”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

“म्हणजे तुमच्याकडे निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो?”

“हो.”

“आणि खरंच येणारा?”

“तोही ‘येतो’च म्हणतो.”

“मग कळतं कसं?”

“आम्हांला कळतं.”

ते पोट धरून हसायला लागले. शेजारचा आठ नंबरचा पेशंटही हसायला लागला. “आणि कुणी चुकून ‘जातो’ म्हणालं तर?”

“तसं म्हणायचं नसतं. आमच्याकडे माणूस गेला म्हणजे मेला. घरातून निघालेल्याला आम्ही ‘जा’ कधीच म्हणत नाही. त्यालाही ‘या’ म्हणतो.”

“या,” ते म्हणाले.

“या. म्हणजे निघालाहात ते ठीक, पण परत या.”

त्यांचं हसू तिथेच थांबलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी चादर बदलून खोचायला लागले तेव्हा म्हणाले, “मी म्हटलं होतं.”

“काय?”

“जा. माझ्या पोरीला. दार उघडून धरलं आणि म्हटलं, जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांना दोन मुलं, डेस आणि नोरा. आई लवकर वारली. डेसला दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पाठवलं गेलं. बार्डिया नावाचं एक ठिकाण इटालियन सैन्यानं धरून ठेवलं होतं. ते घ्यायला ऑस्ट्रेलियन पोरं गेली आणि पहिल्याच सकाळी डेस पडला. त्याला तिकडेच पुरलं. लढाई संपली, वर्षं गेली, आणि नोरानं येऊन सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा भाजीमंडईत गाळा लावतो. मुलगा इटालियन आहे.

“आणि तोही बार्डियात होता,” फ्लॅनरीबाबा म्हणाले. “तिनं स्वतःच सांगितलं. लपवलं नाही. माझ्या टेबलाशी बसून, माझा चहा पिता पिता सांगितलं. त्यातलाच एक जण माझ्या घरात जावई म्हणून आणायचा? मग मी दार उघडलं.”

त्यानंतर बापलेकींची गाठ नव्हती. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि कीवही आली. माझं तेव्हाचं वय असं होतं की दोन्ही एकदम आली तर बोलायला जास्तच चेव यायचा. पण ड्यूटीवर होते, म्हणून गप्प बसले.

बुधवार आणि रविवार हे भेटीचे दिवस. त्या बुधवारी मी पट्ट्यांची टोपली घेऊन जिन्यानं वर येत होते. वॉर्डाच्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर एक तिशीची बाई उभी होती. डोक्यावर हिरवी हॅट, हातात पिशवी, आणि पिशवीत दोन मोठे फ्लॉवरचे गड्डे. मला थांबवून तिनं विचारलं, “सात नंबर जेवतात का?”

“थोडंफार. फ्लॉवर बघितला की मात्र वैतागतात. त्यांच्या ताटात रोज फ्लॉवर असतो.”

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. “तो आमच्याच मळ्यातला. मी वॉर्डातल्या मोलकरणीच्या हाती त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात देऊन ठेवते. ते आजारी आहेत हे शेजाऱ्यांकडून कळलं.”

ही नोरा. दर भेटीच्या दिवशी शहराबाहेरच्या वेरिबीहून गाडी पकडून यायची, जिन्यात उभी राहायची, आणि घंटा झाली की परत जायची.

“अहो, मग आत चला की! दहा पावलं नाहीत.”

“नाही. जा ते म्हणाले होते. ये हेही त्यांनीच म्हणायला पाहिजे.” मान ताठ करून तिनं हे सांगितलं, आणि ती कुणाची मुलगी आहे याची वेगळी ओळख करून द्यायची गरज राहिली नाही. “माझा नवरा खाली उभा आहे. साल्वातोरे. तोही दर वेळी येतो.”

ती हे नाव इतकं भरभर बोलली, की क्षणभर मला वाटलं, आमच्या साळव्यांपैकीच कुणी गाठलाय की काय हिनं! आमची मंडळी कुठेही पोचलेली असतात.

दुसऱ्या दिवशी मी फ्लॅनरीबाबांच्या तोंडात थर्मामीटर कोंबला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना मध्ये बोलता येऊ नये म्हणून हीच वेळ निवडली होती. नोरा जिन्यात उभी असते, रोजचा फ्लॉवर तिचा, आणि तुमच्या एका शब्दासाठी ती अडली आहे, असं सगळं सांगून टाकलं. ते डोळे मोठे करून ऐकत राहिले. थर्मामीटर काढल्या काढल्या म्हणाले, “मी शब्द मागे घेत नाही. कधी घेतला नाही. ट्राम कधी मागे जाते का?”

“जाते की. तुमच्या ट्रामला दोन्ही टोकांना हँडल असतं. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो आणि तीच ट्राम उलटी नेतो. मी रोज बसते त्यात.”

आठ नंबर खो खो हसला. फ्लॅनरीबाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पांघरुणात शिरला.

“तू फार तोंडाळ आहेस.”

“आमच्या नगरचं पाणीच तसं आहे.”

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं, संपलं सगळं. पण दुपारी मी निघताना त्यांनी हाक मारली. आवाज एकदम बारीक झाला होता. “मला जमणार नाही गं. इतक्या वर्षांनी तोंडातून ते निघणार नाही. आणि ऑपरेशन आहे सोमवारी. न बोलताच मेलो तर?”

हे सांगते तेव्हा ऐकणारे हळवे होतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, की म्हातारा मेला नाही. ऑपरेशननंतर तो चांगला दोन हिवाळे जगला. पण त्या दिवशी हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी खाटेच्या कडेवर टेकले. तसं टेकायची सक्त मनाई होती.

“बाबा, इंग्रजीत बोलूच नका,” मी म्हणाले. “तुमचा शब्द इंग्रजीतला आहे, तो राहू दे तिथेच. तुम्ही मराठीत बोला.”

“काय बोलू?”

“या.”

“त्याचा अर्थ ‘ये’ होतो. पोरी, मला फसवतेस?”

“होतो. पण तो कुणाला कळणार आहे? इथे मराठी येतं फक्त मला.”

त्यांनी विचार केला. मग मला वाटलंही नव्हतं अशी गोष्ट झाली. त्यांनी सराव सुरू केला. चहा घेताना “या”, दाढी करताना “या”. आठ नंबरलाही “या”, आणि औषध घेऊन आलेल्या सिस्टर प्रिंगलनाही “या”. सिस्टरनी माझ्याकडे संशयानं बघितलं. मी ताटं गोळा करायच्या कामात बुडून गेले.

रविवार आला. शहरात ऑलिंपिक भरात होतं. वॉर्डातला रेडिओ सकाळपासून पळणाऱ्यांची आणि पोहणाऱ्यांची नावं सांगत होता. दोन वाजता भेटीला आलेली माणसं आत शिरली, फुलं आणि केक घेऊन. मी जिन्यावर गेले आणि नोराला म्हणाले, “आज दारापर्यंत तरी चला.”

“ते म्हणाले का काही?”

“दारापर्यंत चला हो!”

ती दारात येऊन उभी राहिली. हॅट काढून तिनं हातात घेतली होती. सात नंबरची खाट दारापासून लांब नव्हती. बापानं लेकीला बघितलं, लेकीनं बापाला. तो इतका वाळला असेल असं तिला वाटलं नसणार. ती कशीबशी म्हणाली, “डॅड, आत येऊ का?”

म्हाताऱ्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी त्यांच्या उशाशी उभी राहून मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि ते म्हणाले, “या.”

आता ऑस्ट्रेलियन माणसाचं ‘येस’ कसं असतं ते सांगायला हवं. ते लोक तो शब्द पुरा म्हणतच नाहीत. शेवटचं अक्षर तोंडातच ठेवून देतात, आणि ऐकणाऱ्याला ‘येआ’, ‘या’ असंच काहीतरी ऐकू येतं. मला हे आधी सुचलं असतं तर फुशारकी मारायला मिळाली असती, पण खरंच सुचलं नव्हतं. नोरानं विचारलं, आत येऊ का, आणि बाप म्हणाला, हो. ती धावतच आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून फ्लॅनरीबाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे वाहत होते, पण चेहरा असा, की बघ, कसं जमवलं! तिला कधीच कळलं नाही की तिचा बाप तिच्याशी मराठीत बोलला. मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही नसेल सांगितलं.

मग थोडा वेळ दोघांचं भांडण झालं. दाढी नीट का केली नाही, शेजाऱ्यांकडून का कळावं, असलं ते भांडण. ऐकायला फार गोड होतं. मी जवळच्या खाटांची पांघरुणं उगीचच सारखी करत होते. एकदम बाबा म्हणाले, “तो कुठाय?”

नोरानं जिन्याकडे बघितलं. “खाली आहे. तुम्हांला त्रास नको म्हणून तो वर येत नाही, डॅड. येणारही नाही.”

“नर्स, त्याला बोलाव.”

साल्वातोरे खालच्या बाकावर बसला होता. रुंद खांदे, मातीनं काळवंडलेली नखं, आणि अंगाला न शोभणारा कडक इस्त्रीचा कोट. मला बघून तो उभा राहिला आणि चक्क म्हणाला, “नमस्ते.” मी थक्क झाले. लढाईत कैदी झाल्यावर त्याला बोटीनं मुंबईला नेलं होतं, तिथून भोपाळच्या छावणीत. ऑस्ट्रेलियात शेतकामाला पाठवलं ते त्याच्या नंतर. हिंदुस्थानीत त्याच्याजवळ पानी, रोटी आणि जल्दी एवढेच शब्द उरले होते. ते तिन्ही त्यानं मला एका दमात म्हणून दाखवले, कारण तो घाबरला होता. मी वर चला म्हणाले तेव्हा त्यानं विचारलं, “ते बार्डियाचं विचारतील?”

“विचारतील.”

“मी खोटं नाही बोलणार, सिस्टर.”

“नका बोलू.”

तो माझ्या मागून खाटेशी आला आणि उभा राहिला. नोरानं पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. फ्लॅनरीबाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

“तू बार्डियात होतास.”

“हो, सर.”

“त्या सकाळी?”

“त्या सकाळी होतो, सर. तिसऱ्या दिवशी तुमच्या लोकांनी मला पकडलं.”

“बंदूक चालवलीस?”

“चालवली. अंधार होता. सगळे चालवत होते.” त्यानं मान खाली घातली नाही. “कुणाला लागली ते मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही.”

मी बाबांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी जोरात धावत होती. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो? आता हा माणूस पुन्हा दार दाखवणार, आणि या वेळी ते उघडायला कुणी शिल्लक राहणार नाही. नोराच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

बाबांनी माझ्या बोटांतून हात सोडवून घेतला आणि खुर्चीकडे दाखवलं. साल्वातोरे बसला, अगदी कडेवर.

“मला एक सांग,” बाबा म्हणाले. “कशी आहे ती जागा?”

“सर?”

“जागा रे. जमीन. तार आली, पाद्री आला, कर्नलचं पत्र आलं, पोरगा शूर होता म्हणून. पण तो जिथे पडलाय ती जागा कशी आहे हे मला एकानंही सांगितलं नाही. कुणाला विचारणार? नुसती वाळू आहे का?”

साल्वातोरेनं हळूच डोकं हलवलं. “वाळू नाही. लोक म्हणतात वाळू, पण दगड आहेत. पांढरट, लहान लहान दगड, लांबपर्यंत. माती कमी. हातभर खणायला दिवस लागतो.”

“थंडी होती?”

“पहाटे फार. बोटं वाकायची नाहीत. दिवस वर आला की ऊब यायची, छान ऊब.”

“समुद्र?”

“जवळ आहे, सर. कड्यावरून खाली दिसतो. निळा, इथल्यापेक्षा निळा. वारा तिकडूनच येतो.”

“समुद्राकाठी आहे म्हण की,” बाबा स्वतःशीच म्हणाले. “मला वाटायचं, नुसतं वाळवंट. डेसला समुद्राचं फार वेड होतं गं नोरा, आठवतं?”

नोरानं मान हलवली.

भेटीची वेळ संपली होती. सिस्टर प्रिंगल पितळी घंटा हलवत एक नंबरपासून निघाल्या. माणसं उठायला लागली, खुर्च्या सरकल्या. साल्वातोरेही उठला, पण बाबांनी त्याच्या कोटाची बाही पकडून त्याला खाली बसवलं. सिस्टर सात नंबरशी आल्या. त्या हाताकडे त्यांनी बघितलं, घंटेची जीभ मुठीत धरली, मुकाट्यानं पुढे गेल्या आणि नऊ नंबरपासून पुन्हा वाजवायला लागल्या.

“आणि झाडं?” बाबांनी विचारलं. “एखादं तरी?”

“झाड नाही, सर.” साल्वातोरे आठवून आठवून बोलत होता. त्याचं इंग्रजी तोकडं होतं आणि त्याला काही चुकवायचं नव्हतं. “पण हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो. मग दगडांच्या मधून फुलं येतात. अशी बारीक. मी त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही होतो तिथे, तेव्हा बघितली.”

“कुठल्या रंगाची?”

“पिवळी.”

बाबांनी डोळे मिटले. बाही मात्र सोडली नाही.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “सावकाश सांग. पाऊस पडून गेला, मग?”